न घडलेल्या मोटारीचे चित्र

इंदूरहून मुंबईच्या रस्त्याने निघाले की महूच्या पुढे मानपुर लागते. त्याच्या दक्षिणेस माळव्याचे पठार संपते आणि रस्ता घाट उतरून निमाडात जातो. विजेवर चालणारी मोटार स्वतःच्या बळावर घडवू पाहणाऱ्या कल्पकाला तिच्या प्रचारासाठी याहून योग्य स्थळ सापडायचे नाही. कारण उतारावर अशा मोटारीचे यंत्रच जनित्राचे काम करते. वेगाला आळा बसतो आणि थोडी वीज बॅटरीत परत येते. शब्दांनी हे समजावणे जिकिरीचे. लहानशा चित्रपटाने मात्र ते सहज पटते.

एके काळी असा चित्रपट काढणे भांडवलवाल्यांनाच शक्य होते. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी आठवा. जेमतेम सातवीपर्यंत शिकलेल्या या गृहस्थांनी 1949 पासून ‘मीरा’ या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने तयार केले. बारा हजार रुपयांच्या आसपास ती सामान्य माणसाला मिळावी, ही त्यांची उमेद. पण मीरेचे उत्पादन कधी सुरू झाले नाही. उणीव केवळ प्रसिद्धीची होती, असे मी म्हणणार नाही. तो परवान्यांचा काळ होता. तरी एक खरे, की शंकररावांना आधी मोटार घडवावी लागली, मग ती दाखविता आली.

आज हा क्रम उलटला आहे. दोन-चार रेखाचित्रे आणि वर्णन पुरविले, की कृत्रिम बुद्धीची साधने न घडलेली मोटार घाटात धावती करून दाखवितात. निवेदन हवे तर मराठीत, हवे तर हिंदीत. गरीब कल्पकाला हे वरदानच आहे. मात्र हा चित्रकार भारी बेफिकीर. दाराला मूठ द्यायला तो विसरेल, किंवा चाक असे काढील की ते वळायला जागाच उरू नये! टोयोटाच्या अमेरिकेतील संशोधनसंस्थेने 2023 साली एक पद्धत जाहीर केली. तीत चित्र रचतानाच हवेचा विरोध हिशेबात घेतला जातो. साध्या साधनांना एवढी समज नसते.

आणि अशा चित्रावर विसंबून कोणी शिक्षक, कोणी दुकानदार आगाऊ पैसे भरतो. म्हणून ‘हे संगणकाने रचलेले चित्र आहे’ ही ओळ ठळक हवी आणि शेजारी खऱ्या नमुन्याचे छायाचित्र हवे, मग तो अर्धामुर्धा का असेना. एका भरणीत मोटार किती किलोमीटर जाईल, हा आकडा तर चाचणीतूनच यावा. मानपुरच्याच परिसरात, पीथमपूरला, 11.3 किलोमीटर लांबीचा वेगचाचणीचा मार्ग 2021 पासून आहे.

घाटाच्या चित्रपटात आणखी एक वाक्य मी आग्रहाने घालीन. मानपुरात रात्रभर बॅटरी काठोकाठ भरून सकाळी घाट उतरणाऱ्याच्या बॅटरीत परतणाऱ्या विजेला जागाच नसते. त्या उतारावर त्याला नेहमीच्या ब्रेकवरच अधिक भिस्त ठेवावी लागते.