मासवडी : कोरडवाहू घरची मेजवानी

मंडळी, थायलंडचं पॅड थाय आता पुण्याच्या हॉटेलांतही मिळतं. तांदळाच्या शेवया, चिंचेचा कोळ, अंडं, वरून शेंगदाण्याचा भरडा. आपल्या जिभेला ते फार परकं नाही. पण त्याच्या पाठीशी सरकार होतं. १९३८ मध्ये पंतप्रधान झालेल्या फिबुनसोंगक्राम यांच्या राजवटीत दुसऱ्याच वर्षी सयामचं थायलंड झालं, आणि लोकांनी शेवया खाव्यात म्हणून सरकारनंच प्रचार मांडला.

आपल्या मासवडीसाठी, म्हणजे तीळ-खोबऱ्याचं सारण भरून रश्शासोबत वाढायच्या बेसनाच्या वडीसाठी, कुणी फर्मान काढलं नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि आपला शिरूर. या पट्ट्यात जावई आला की चुलीवर बेसन चढतं. याचं कारण मला जमिनीत दिसतं. घोड नदीच्या दोन्ही अंगांना बाजरीची कोरडवाहू रानं. कालव्याचं पाणी येण्याआधी उन्हाळ्यात हिरवी भाजी आणायची कुठून? घरात असायचं ते टिकणारं: हरभऱ्याची डाळ, तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण. तेवढ्यावर पाहुणचार उभा करायचा. त्यातून घर माळकऱ्याचं असेल तर मटणाचा प्रश्नच नाही. मग रस्सा तरी मटणाच्या तोडीचा हवा!

दौंडकडे मात्र भीमेचं आणि खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी, ऊस, गुऱ्हाळं. तिकडे गोडाचा हात सैल, एवढंच म्हणतो, वाद नको.

मासवडीची खरी परीक्षा हाटण्यात. लसूण-जिऱ्याच्या फोडणीत पाणी उकळलं की एका हातानं बेसन सोडायचं, दुसऱ्या हातानं लाटण्यानं हाटायचं. गुठळी राहिली की वडी फुटलीच. घट्ट गोळा वाफवून ओल्या फडक्यावर घ्यायचा आणि गरम असतानाच, पाण्याचा हात लावून, थापायचा. बोटं भाजतात, पण निवलं तर पीठ वळत नाही. वर भाजलेल्या तीळ-खोबऱ्याचं, कांदा-लसणाचं सारण पसरायचं, फडक्याच्या कडा उचलून दोन्हीकडून दुमडायचं आणि माशासारखा निमुळता आकार देऊन वड्या कापायच्या. कढईला चिकटलेलं पीठही वाया जात नाही. ते पाण्यात कालवून रश्शात जातं, रस्सा दाट होतो.

आता रस्त्यावरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर मासवडी आली आहे. आनंद आहे. मात्र बऱ्याच ठिकाणी बेसनाचा थर जाड आणि सारण नावापुरतं. तीळ-खोबरं महाग, बेसन स्वस्त. हिशेब सरळ आहे. वडी आडवी कापलेली पाहा: पिवळी कड पातळ आणि पोट काळसर, गच्च भरलेलं असेल तर खुशाल दुसरी भाकरी मागवा.

आणि घरी कुणी वाढत असेल, तर ‘अजून दोन वड्या’ म्हणण्याआधी एकदा अर्धा किलो बेसन स्वतः हाटून पाहा. हे मी समोरच्या पुरुष मंडळींना सांगतोय. मागे बसलेल्या बायका आधीच हसायला लागल्यात.