'साधी, सोपी, ओघवती'च्या पुढे



 मराठीच्या अध्यापकांच्या परिषदेच्या अधिवेशनात अध्यक्षानं मराठीच्या भवितव्यावर बोलावं अशी रीत आहे. मी आज एका कवितेवर बोलणार आहे. वर्षभर आपण वर्गात जे करतो त्यावरच इथे बोलावं, असं मला वाटतं.

आपल्या विद्यार्थ्यांच्या रसग्रहणात तीन भाग असतात: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये. पहिला भाग मुलं जीव ओतून लिहितात. दुसऱ्यात अलंकार आणि रस येतात. तिसऱ्यात मात्र बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच वाक्य सापडतं, 'कवितेची भाषा साधी, सोपी, ओघवती आहे.' हे वाक्य मुलांना आपणच दिलं आहे. त्याला गुणही आपणच देतो. बहिणाबाईंनाही तेच, कुसुमाग्रजांनाही तेच आणि सुर्व्यांनाही तेच. ज्या वाक्यानं कोणत्याही दोन कविता वेगळ्या ओळखता येत नाहीत, त्या वाक्यात निरीक्षण नाही. माझी तक्रार एवढ्यावर थांबत नाही. संकटातून उभं राहणाऱ्या माणसाच्या कविता आपण शिकवतो, तेव्हा 'जिद्द', 'धैर्य', 'आशावाद' हे शब्द फळ्यावर लिहून मोकळे होतो. कवितेत हे शब्द बहुधा नसतातच. तिथे धैर्य असतं ते क्रियापदाच्या काळात, कोणाला कोणत्या नात्यानं हाक मारली यात, 'तू' म्हटलं की 'तुम्ही' यात. म्हणजे ज्या तिसऱ्या भागाला आपण एका वाक्यात गुंडाळतो, तिथेच.

कुसुमाग्रजांची 'कणा' आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. जेमतेम चौदा ओळींची कविता. पुरात घर गमावलेला एक माजी विद्यार्थी पावसात आपल्या शिक्षकाकडे येतो, काय झालं ते सांगतो, पैसे नाकारतो, एक मागणी करतो आणि कविता संपते. पाठीवर हात ठेवून 'लढ' म्हणा, असं मागणारी तिची शेवटची ओळ शुभेच्छापत्रांवर आणि शाळांच्या भिंतींवर झळकत असते. आधीच्या तेरा ओळींकडे मात्र आपण पुरेसं पाहिलेलं नाही, असं मला अनेक वर्षं वाटत आलं आहे.

सुरुवात ओळख विचारणाऱ्या प्रश्नानं होते. त्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकांनी दिल्याची नोंद कवितेत नाही. पण निवेदकाचा पुढचा शब्द पाहा. तो येणाऱ्याला नाव देत नाही, 'विद्यार्थी' म्हणत नाही, 'कोणी' म्हणतो. कोणी तरी आलं. म्हणजे त्या क्षणी ओळख पटलेलीच नाही. एका सर्वनामानं कवीनं केवढं काम केलं! पुरानं या माणसाचं घर नेलं, आणि आता ज्या दारात तो आशेनं आला तिथेही तो आधी अनोळखीच आहे. कविता पुढे कुठे जाते ते समजण्यासाठी हा 'कोणी' लक्षात ठेवावा लागतो.

निवेदक पुढेही फार जपून बोलतो. आला, बसला, हसला, बोलला, उठला. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच. 'बिचारा' नाही, 'खचलेला' नाही. त्या माणसाच्या मनात काय चाललं आहे हे सांगायचा अधिकार निवेदक स्वतःकडे घेत नाही. भावनेचा म्हणावा असा एकच शब्द कवितेत आहे, 'एकटेपणा', आणि तो त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडी आहे. त्याच्याआधी त्यानं 'जरा' लावला आहे. सगळं वाहून गेल्यावर 'जरा' एकटं वाटणारा माणूस आपल्या दुःखाचं माप स्वतः ठरवतो आहे. मुलांना एवढंच विचारावं, हा 'जरा' काढला तर काय होतं? नववीतलं पोरही सांगेल की तो काढला तर माणूस दयेला पात्र होतो, आणि ठेवला तर आदराला.

आता चिखलाकडे वळतो. चिखल या कवितेत दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वेगळ्या शब्दानं येतो. निवेदक त्या माणसाचे कपडे पाहतो तेव्हा शब्द संस्कृत वळणाचा आहे, 'कर्दम'पासून घडवलेला. तो सुशिक्षित, पुस्तकं वाचणाऱ्या माणसाचा शब्द आहे. विद्यार्थी स्वतः त्याच गोष्टीबद्दल बोलतो तेव्हा म्हणतो 'चिखलगाळ'. ज्याच्या हातात घमेलं आहे त्याचा हा शब्द. पाहणाऱ्याचा चिखल आणि उपसणाऱ्याचा चिखल असे दोन शब्द एकाच छोट्या कवितेत ठेवणारी भाषा 'साधी, सोपी' कशी म्हणायची? ती नेमकी आहे, आणि नेमकेपणा साधायला फार कष्ट पडतात.

पुराची कहाणी तो माणूस कशी सांगतो, हा मला कवितेतला सर्वांत श्रीमंत भाग वाटतो. त्याच्यापुढे तऱ्हा बऱ्याच होत्या. तो पंचनाम्याची भाषा बोलू शकला असता. पूर ओसरल्यावर तलाठी येतो आणि घराची 'अंशतः पडझड' झाली की 'पूर्णतः' हे लिहून नेतो, ते आपल्या परिचयाचं आहे. तो शोकाची भाषा बोलू शकला असता. नदीला दूषणही देऊ शकला असता. हे सगळं सोडून तो पाहुणचाराची भाषा निवडतो. नदी आधी 'गंगामाई' आहे, मग पाहुणी आहे, मग माहेरी आलेली लेक आहे आणि जाताना देवासारखा प्रसाद ठेवून जाते. आपल्याकडे माहेरवाशिणीला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, या रीतीवर सगळ्या नुकसानीचा हिशोब तो बसवतो. लक्षात घ्या, माई म्हटल्यावर तो नदीचं लेकरू होता. माहेरवाशीण म्हटल्यावर तो तिचा बाप झाला. ज्याच्या डोक्यावर छप्पर उरलं नाही तो माणूस बोलता बोलता यजमान होतो, घरातलं वडीलपण स्वतःकडे घेतो. हे त्यानं कुठे जाहीर केलेलं नाही. नात्याचा शब्द बदलला, तेवढंच.

याला कल्पनाविलास समजू नये. कुसुमाग्रज नाशिकचे. तिथे गोदावरीवर जाणारा माणूस 'गंगेवर जातो' म्हणतो. पूर किती चढला हे नाशिककर पात्रातल्या दुतोंड्या मारुतीवरून मोजतात: पायापर्यंत आला, कमरेपर्यंत आला, गळ्यापर्यंत आला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडीत पुराचं पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारानं बाहेर पडतं, तेव्हा तिथे भाविक स्नानाला गर्दी करतात. त्याला 'दक्षिणद्वार सोहळा' म्हणतात. चढलेल्या नदीची खणानारळानं ओटी भरणाऱ्या बाया तुम्ही पाहिल्या असतील. नदीशी असं बोलायची वहिवाट लोकांची आहे. कवीची थोरवी अशी, की त्यानं ही वहिवाट संकटाच्या ऐन वेळी, नुकसान झालेल्या माणसाच्या तोंडी ठेवली आणि तिच्यातून त्याचा मान राखला. २०१९ साली सांगली-कोल्हापूर आणि २०२१ साली चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा तिथल्या मुलांनी ही कविता कशी वाचली असेल, हे त्या भागातल्या अध्यापकांनी आम्हाला सांगावं. त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे.

काळाकडे पाहा. भिंत, चूल, घरातलं सगळं किडूकमिडूक, यांची क्रियापदं भूतकाळी आहेत आणि अगदी आखूड. त्यांना विशेषण नाही, क्रियाविशेषण नाही. नुकसान अर्ध्या-अर्ध्या ओळीत आटोपतं. त्यानंतर 'आता' येतो आणि क्रियापदं एकदम चालू वर्तमानकाळात जातात: लढणं, बांधणं, गाळ काढणं, सगळं चालूच आहे. भिंतीला 'पडकी' हे विशेषण मिळतं तेही इथे, ती बांधायला हात लागल्यावर. आणि इथेच आणखी एक शब्द बदलतो. पुरातून वाचली ती 'बायको' होती, गाळ काढायला सोबत उभी आहे ती 'कारभारीण' आहे. कारभार करायला घर उरलेलं नाही, आणि नेमकं तेव्हाच तिला कारभारीण म्हटलं आहे. संसार नव्यानं मांडला जातो आहे हे सांगायला कवीला वेगळं वाक्य लागलं नाही.

'सर' ही हाक कवितेत तीनदा येते. एकदा ओळख विचारताना, एकदा लढत असल्याचं सांगताना आणि एकदा पैसे नाकारताना. शेवटच्या मागणीत ती नाही. त्या मागणीत हाकेची जागा स्पर्शानं घेतली आहे, पाठीवरच्या हातानं. आणि आता त्या मागणीतले दोन शब्द, जे फलकांवर शेजारी शेजारी असूनही आपल्याला वेगळे दिसत नाहीत. 'म्हणा' हे आदरार्थी आहे. विद्यार्थी शिक्षकांना 'तुम्ही'च म्हणतो, पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत. पण त्यानं मागितलेला शब्द आहे 'लढ', 'लढा' नव्हे. मला 'तू' म्हणा, असं तो मागतो आहे. संसार केलेला, संसार मोडलेला हा मोठा माणूस पुन्हा वर्गातल्या बाकावरच्या नात्यात परत यायला पाहतो आहे. 'कोणी'पासून निघालेली कविता 'तू'पर्यंत येऊन थांबते. आणि तो लढायला कधीचाच लागला आहे, हे त्यानं आधीच सांगितलं आहे. त्याला उपदेश नको, प्रेरणाही नको. आपल्या लढण्याला आपल्या माणसानं ओळखावं, एवढंच त्याला हवं आहे. सर तो शब्द बोलतात का? कविता ते सांगत नाही. म्हणून 'प्रेरणादायी कविता' ही चिठ्ठी या कवितेवर चिकटवणं मला अन्यायाचं वाटतं.

कोण कोणाला कसं संबोधतो हे पाहायची सवय लागली की आपल्या भाषेतल्या दुःखाच्या इतर कविताही वेगळ्या वाचता येतात. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचं घर उद्ध्वस्त झालं. ते आपल्या दिवाळखोरीबद्दल बोलतात ते थेट देवाशी, अरे-तुरेच्या जवळिकीनं आणि वाण्याच्या घरातल्या हिशोबाच्या शब्दांत. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या, तरुण वयात वैधव्य आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई संसाराला 'अरे' म्हणून हाक मारतात, दारातल्या माणसाला मारावी तशी, आणि लेवा गणबोलीत त्याला चुलीजवळचे चटके समजावून सांगतात. नारायण सुर्व्यांच्या १९६२च्या 'ऐसा गा मी ब्रह्म'मध्ये बोलणारा गिरणगावातला 'मी' ताठ उभा राहून जगाला आपली ओळख स्वतःच करून देतो. तिघांचं दुःख वेगळं आहे हे तर खरंच. पण ते वेगळं कळतं ते त्यांनी कोणाकडे तोंड करून बोलायचं ठरवलं त्यावरून.

मित्रहो, भाषिक निवडींकडे पाहणं हे कोरडं व्याकरण आहे आणि त्यानं कवितेचा जीव जातो, असा आक्षेप मी ऐकला आहे. माझा अनुभव उलटा आहे. वर्गात 'लढ' आणि 'लढा' यांतला फरक दाखवला की पोरं गप्प होतात, आणि मग कोणी तरी हळूच विचारतं, सर त्याला ओळखतात ना? हा प्रश्न 'जिद्द' या शब्दानं कधी आला नसता.

या परिषदेपुढे माझ्या तीन मागण्या आहेत. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी 'कवितेची भाषिक वैशिष्ट्ये लिहा' असा मोघम प्रश्न न विचारता नेमकं विचारावं: कवितेत कोण बोलतं, कोणाशी बोलतं, 'तू' म्हणतं की 'तुम्ही', काळ कुठे बदलतो, एकाच गोष्टीला दोन शब्द कुठे येतात. अध्यापकांनी मुलांकडून एकच घटना तीन तऱ्हांनी लिहून घ्यावी, पंचनामा म्हणून, बातमी म्हणून आणि आपल्या माणसाला सांगावी तशी. ती तिसरी तऱ्हा मुलानं घरच्या बोलीत लिहिली तर त्यावर लाल शाई चालवू नये. आणि येत्या परीक्षेपासून 'साधी, सोपी, ओघवती' या तीन शब्दांना आपण कोणीही एकही गुण देऊ नये.