ज्या गियरमध्ये चढलास, त्याच गियरमध्ये उतर

मागचे दोन भाग इंटरव्ह्यू आणि नोटीस पीरियडवर होते. आज त्यातलं काहीच नाही. आज ट्रिपची गोष्ट आहे. गोवा नाही, मनाली नाही. मे महिन्यात आम्ही घरचे पाच जण चार दिवस आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात फिरलो. 43 डिग्रीत. ऑफिसमध्ये रजेचं कारण सांगितलं तर एक जण म्हणाला, "तिथे पाहायला काय आहे?" मला राग आला. पण खरं सांगू का, मलाही पटकन उत्तर देता आलं नाही. दहावीनंतर मी शहादा सोडलं, तेव्हापासून जिल्हा म्हणजे माझ्यासाठी पुण्याच्या बसचा शेवटचा तास.

ट्रिप काढली नानांसाठी. नाना म्हणजे माझे वडील. 31 वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते. शहादा-तोरणमाळ, शहादा-नवापूर, धडगाव, सगळे रूट त्यांनी केले. गेल्या डिसेंबरात त्यांनी घराच्या फाटकाला दोनदा गाडी घासली. ज्या माणसाने पन्नास-बावन्न माणसं घेऊन घाट चढवले, त्याला स्वतःचं फाटक दिसू नये? डोळे तपासले. काचबिंदू निघाला. यात आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं नीट दिसत राहतं, म्हणून माणसाला कळतच नाही. गेलेली नजर परत येत नाही, औषधाने फक्त पुढचं नुकसान रोखायचं. (ऐकणाऱ्यांपैकी ज्यांचे आईवडील चाळिशीच्या पुढचे आहेत, त्यांनी डोळ्यांचं प्रेशर एकदा तपासून घ्या. चष्म्याचा नंबर काढताना ते तपासलं जाईलच असं नाही.) डॉक्टरांनी सांगितलं, गाडी बंद. नानांनी चावी टीव्हीवर ठेवली आणि चार महिने तिच्याकडे पाहिलंही नाही.

मग एकदा फोनवर आई म्हणाली, "यांनी सगळा जिल्हा पाहिला रे, पण काचेतून." तिथून हे सुरू झालं.

आमची जुनी वॅगन-आर, स्टेअरिंगवर मी, शेजारी नाना, मागे आई, ताई आणि आठ वर्षांचा भाचा. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. पहिला स्टॉप नवापूर रेल्वे स्टेशन. तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल. सुरत-भुसावळ लाइनवरचं हे स्टेशन दोन राज्यांत आहे. साधारण 800 मीटरपैकी 300 मीटर महाराष्ट्रात आणि 500 मीटर गुजरातमध्ये. तिकीट महाराष्ट्रात काढायचं, स्टेशन मास्तरला भेटायचं तर गुजरातमध्ये जायचं. घोषणा चार भाषांत होतात, मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. कारण सोपं आहे. रेल्वे आधी आली, राज्यं 1 मे 1960 ला झाली. रेघ ओढणाऱ्यांनी स्टेशन काही उचलून बाजूला ठेवलं नाही.

नानांनी आधी पाच प्लॅटफॉर्म तिकिटं काढायला लावली. "फोटो काढायला आलोय, प्रवासाला नाही," मी म्हटलं. "म्हणूनच प्लॅटफॉर्म तिकीट," ते म्हणाले. एसटीवाला माणूस आहे, विनातिकीट हा शब्दच त्यांना सहन होत नाही.

तिथे एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्र, अर्धा गुजरात, तसं रंगवलेलंही आहे. आईचं माहेर पलीकडचं, उच्छलचं. ती थेट गुजरातच्या बाजूला जाऊन बसली, नाना महाराष्ट्राच्या. भाचा मधोमध, एक पाय इकडे, एक तिकडे. मी फोटो काढत होतो तेव्हा आई म्हणाली, "तेहेतीस वर्षं झाली, हा माणूस एकदाही माझ्या बाजूला येऊन बसला नाही." ताई हसली. नाना उठले, भाच्याला उचलून आपल्या जागेवर ठेवलं आणि आईशेजारी जाऊन बसले. मग घड्याळ पाहून म्हणाले, "तिकीट दोन तासांचंच आहे." तो फोटो माझ्या फोनचा वॉलपेपर आहे.

दुसऱ्या दिवशीचा स्टॉप माझ्या हट्टाचा, टेंभली. 29 सप्टेंबर 2010 ला देशातले पहिले आधार क्रमांक याच गावातल्या लोकांना दिले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. मी तेव्हा शाळेत होतो. पाहायला तिथे काही नाही, साधं गाव, घरं, शेतं, सावलीला बसलेली माणसं. ताई म्हणाली, "याच्यासाठी आणलंस?" मी गाडीतच लेक्चर सुरू केलं. आधारचा बारावा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला असतो, त्याला व्हरहॉफ अल्गोरिदम म्हणतात. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर सिस्टिमला लगेच कळतं.

नानांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि अंगठा नाही घेतला तर कोणाची चूक?" त्यांची बोटं स्टेअरिंगवर झिजलेली आहेत. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला मशीन दर वेळी ठसा नाकारतं, मग चेहऱ्यावर भागवावं लागतं. बाराव्या आकड्याचं उत्तर माझ्याकडे होतं, अंगठ्याचं नव्हतं. मी एसी वाढवला.

उनपदेवबद्दल फार बोलत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा तालुक्यात गरम पाण्याचा झरा आहे. मे महिन्याच्या दुपारी गरम पाण्यात पाय घालणारी आमची एकच फॅमिली होती. भाच्याने विचारलं, खाली गिझर कुठेय? पावसाचं पाणी भेगांमधून खूप खोल जातं, तिथे तापतं आणि वर येतं. तापी-नर्मदेच्या पट्ट्यात जमिनीला असे मोठे तडे आहेत, म्हणून जळगाव जिल्ह्यात अडावदजवळही आणखी एक उनपदेव आहे. एवढं सांगेपर्यंत तो कुल्फीवाला शोधायला गेला होता.

आता तोरणमाळ. खरी गोष्ट इथे आहे.

हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरचं पठार, वर यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथांचं मंदिर. नाना तिथे किती वेळा गेले असतील याचा हिशेब नाही. पण मुक्कामी गाडी घेऊन. अंधार पडता पडता पोचायचं, कंडक्टरबरोबर डबा खायचा, गाडीतच झोपायचं, पहाटे उलटी फेरी. सीताखाई त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. मी विचारलं, "एकदाही चालत जावंसं नाही वाटलं?" तर म्हणाले, "झोप झाली नाही तर सकाळी घाट कसा उतरवू?"

वर जाताना मजा आली. सातपायरी घाटात वळणावर वळण. नाना डोळे मिटून सांगत होते, "आता डावीकडे मोठं वळण, हॉर्न दे." मॅप सांगायच्या आधी. मी त्यांना म्हटलं, तुमची नजर गेली तरी चालेल, तुमच्याकडे ऑफलाइन मॅप आहे. म्हणायला नको होतं. ते हसले, आई हसली नाही.

संध्याकाळी त्यांना सीताखाईच्या कड्यावर नेलं. ते मान पूर्ण डावीकडे नेऊन मग सावकाश उजवीकडे आणत होते, जसं आपण फोनवर पॅनोरमा काढतो तसं. भाच्याला वाटलं खेळ आहे, तोही तसंच करायला लागला. मला माहीत होतं ते असं का करतायत. मी काही बोललो नाही, दुसरीकडे पाहत उभा राहिलो.

सकाळी उतरताना मी चुकलो. पुण्यात मी ऑटोमॅटिक चालवतो, घाटाची सवय नाही. तिसऱ्या गियरमध्ये गाडी सोडली आणि प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत राहिलो. मागे गाणी चालू होती. नाना एकदम म्हणाले, "ब्रेकना वास यी राहिना." मला काहीच वास येत नव्हता. "गाडी उभी कर. आत्ता." पुढच्या वळणाला पेडल मला नेहमीपेक्षा खोल गेलं. माझे हात गार पडले. नानांनी आवाज चढवला नाही. "घाबरू नको. दुसरा टाक. क्लच सोड. आता कडेला घे." इंजिन ओरडलं, गाडी अडली, डोंगराच्या बाजूला जागा दिसली तिथे मी थांबवली. नानांनी उतरून चाकामागे दगड लावला. चाकातून धूर नव्हता, पण वास आता सगळ्यांना येत होता.

सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक पकडत नाही, हे मी फर्स्ट इयरला मेकॅनिकलच्या पेपरात लिहिलं होतं. नानांनी ते एका वाक्यात सांगितलं, जे त्यांना त्यांच्या उस्तादाने सांगितलं होतं: ज्या गियरमध्ये चढलास, त्याच गियरमध्ये उतर.

चाकावर पाणी ओतायचं नाही, आपोआप गार होऊ द्यायचं. म्हणून अर्धा तास आम्ही तिथेच बसलो. त्या जागेला नाव नाही, बोर्ड नाही. खाली एका पाड्यावर कैरीच्या फोडी आमचुरासाठी वाळत घातल्या होत्या, वरून पांढरी चादर अंथरल्यासारख्या. आईने दशम्या काढल्या. खालून एक एसटी चढत आली. नाना उठून उभे राहिले. ड्रायव्हरने ओळखलं, हॉर्न दिला, हात केला. त्या वळणावर नानांना हात करायचं सुचलं नाही, ते तिचा आवाज ऐकत होते. बस वर गेल्यावर म्हणाले, "दुसऱ्यात आहे. बरोबर आहे."

पुढचा घाट मी दुसऱ्यात उतरवला. प्रत्येक आंधळ्या वळणाआधी नाना माझ्या हातावरून हात लांब करून स्वतः हॉर्न दाबत होते. मी दाबू दिला.

म्हसावदला कलिंगड घेतलं. फोडी खाताना नानांनी विचारलं, सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा या वर्षी कधी आहे. मी म्हटलं, दत्तजयंतीला, डिसेंबरात. "रजा टाकून ठेव," ते म्हणाले. "तेव्हाही दुपारी जाऊ. उजेड असतो." मी कंपनीच्या ॲपवर तिथेच अर्ज केला. अजून मंजूर झालेला नाही.