सोलर पॅनेलचा स्वदेशी कारखाना
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यापैकी काही उत्साही तरुण सोलर पॅनेलचा कारखाना काढू पाहतात व त्यासाठी ज्ञातिबांधवांकडे भांडवल मागतात. त्यांचे आम्हांस कौतुकच आहे. माल येथे झाला तर येथील हातांना काम मिळते. २०२४ च्या सूर्यघर योजनेचे अनुदानही देशी सेलच्या पॅनेललाच आहे. तथापि गारेतून शुद्ध सिलिकॉन काढणे, त्याच्या ठोकळ्यातून बटाट्याच्या वेफरहूनही पातळ चकत्या कापणे, त्यांचे सेल करणे व ते काचेखाली जोडणे, अशा या विद्येच्या पायऱ्या आहेत. आपले बहुतेक कारखाने शेवटच्या, सर्वांत सोप्या पायरीवर उभे राहिले. १ एप्रिल २०२२ पासून परदेशी पॅनेलवर ४० टक्के व सेलवर २५ टक्के जकात बसली, त्या आडोशाने ते वाढले. चकत्या मात्र बहुतांशी चीनमधूनच येत राहिल्या. शिवाय सेलची पद्धत पाहता पाहता बदलते. 'पर्क' मागे पडले, 'टॉपकॉन' आले, आणि कर्ज फिटण्यापूर्वीच यंत्रे जुनी!

म्हणून भाग घेण्यापूर्वी, मुलीचे स्थळ पाहतो तितक्या बारकाईने, दोन प्रश्न विचारावे: सेल कोठून आणणार, आणि यंत्रे जुनी झाल्यावर काय करणार? ज्यांच्यापाशी याचे उत्तर आहे, त्यांच्या कारखान्याचा पहिला भाग आम्ही स्वतः घेऊ.