चव्वेचाळीस धावांचा धडा

(गणेशोत्सवात मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पासमोर क्रिकेटवर बोलायचे ठरले, तेव्हा समितीतल्या काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण आरती झाल्यावर प्रसाद हातात पडेपर्यंत मांडवात कशाच्या गप्पा रंगतात, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आणि त्या गप्पा बहुतेक वेळा एकाच तक्रारीने सुरू होतात, "आपल्या लोकांना धावाच काढता येत नाहीत की हो!"

आता आपले लोक म्हणजे कोण? सीमाभागात हा प्रश्न सोपा नाही. आपल्या दारावरून जाणारा हमरस्ता एकीकडे पुण्याला जातो, दुसरीकडे बेंगळूरला. आमच्या पिढीने रेडिओला कान लावून बाळ पंडितांचे मराठी समालोचन ऐकले आणि मुंबईचा संघ आपला मानला. आमची नातवंडे मात्र ऑटोनगरच्या मैदानावर कर्नाटकाचे खेळाडू प्रत्यक्ष पाहत वाढली. त्यामुळे रणजीत मुंबई आणि कर्नाटक समोरासमोर आले, की आपल्या घराघरांत दोन संघ पडतात.

जानेवारी २०१० मध्ये म्हैसूरला अंतिम सामना झाला. पहिल्या डावात कर्नाटक १३० धावांत गडगडले. दुसऱ्या डावात ३३८ धावा हव्या असताना त्यांनी ३३१ पर्यंत मजल मारली आणि मुंबई अवघ्या ६ धावांनी जिंकली. आम्ही पेढे वाटले. घरातली पोरे त्या रात्री जेवली नाहीत, याकडे आमचे लक्षच गेले नाही.

त्याची परतफेड फेब्रुवारी २०१५ मध्ये झाली. चिन्नास्वामी मैदानावर उपांत्य सामना होता. कर्नाटकाचा डाव २०२ धावांत आटोपला, तेव्हा आम्ही मिशीवर ताव दिला. त्यानंतर विनयकुमारने २० धावांत ६ बळी घेतले आणि ४० वेळा रणजी जिंकलेली मुंबई ४४ धावांत सर्वबाद झाली! सोळा षटकेही पुरी खेळता आली नाहीत. रणजीत मुंबईची एवढी कमी धावसंख्या कधीच झाली नव्हती. चेंडू हलत होता, हे खरे. पण ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडायचा असतो, हे मुंबईच्या फलंदाजाला आम्ही बेळगावातून शिकवायचे का?

"काय ओ आज्जा, तुमची मुंबई चव्वेचाळीसवर गुंडाळली की!" नातू ओरडत घरात आला. आज्जाने मोबाईल पालथा ठेवला, "या लोकांचे नाव परत काढायचे नाही" असे सांगितले आणि कट्ट्यावर जाऊन बसले. कट्ट्यावर आम्ही सगळेच होतो. त्या संध्याकाळी आम्ही एकेका खेळाडूचा जो उद्धार केला, तो या व्यासपीठावरून सांगता येण्याजोगा नाही.

आमची खरी चूक पुढे आहे. रागाच्या भरात पुढचा सामना आम्ही पाहिलाच नाही. जिंकायला ४४५ धावा हव्या असताना त्याच मुंबईने, त्याच मैदानावर, ३३२ धावा केल्या. सामना ११२ धावांनी गेला, पण संघ लढून हरला. आमच्या लक्षात मात्र ४४ तेवढे राहिले. पुढच्याच वर्षी मुंबईने पुण्यात ४१ व्यांदा रणजी जिंकली, तेव्हा "आम्हाला खात्रीच होती" असे म्हणायला आम्हीच पुढे!

हा आपला जुना रोग आहे. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकली. त्या विजयाच्या आनंदात इंदूरला भली मोठी काँक्रीटची बॅट उभारली गेली. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर हाच भारत १७ षटकांत ४२ धावांत बाद झाला. त्या संघात मुंबईचे गावसकर होते, तसेच कर्नाटकाचे विश्वनाथही होते. दोन आकडी धावा एकट्या एकनाथ सोलकरांच्या, नाबाद १८. मग इंदूरच्या त्याच बॅटला लोकांनी काळे फासले. त्या दौऱ्यानंतर वाडेकर पुन्हा कसोटी खेळले नाहीत. तीन वर्षांपूर्वी ज्यांना डोक्यावर घेतले, त्यांना आपण असा निरोप दिला.

राग येऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. परक्याच्या पोराने परीक्षेत गटांगळी खाल्ली, तर आपण रागावत नाही. आपल्याच पोरावर रागावतो. पण रागावल्यावर त्याला जेवायलाही आपणच वाढतो. संघाच्या बाबतीत हे दुसरे काम आपण विसरतो.

आणि आपले पोर कोणते, याबाबतही थोडे मोठे मन करूया. इंदूरला मराठी घरात जन्मलेला राहुल द्रविड १९९१ मध्ये रणजीत पहिल्यांदा उतरला, तो कर्नाटकाकडून, पुण्यात, आपल्या महाराष्ट्राविरुद्ध. त्याने ८२ धावा केल्या. त्या ८२ धावांवर आपण रुसायचे की टाळ्या वाजवायच्या? पुढे भारताचा डाव कोसळू लागला, की आपण सगळे त्याच्याकडेच डोळे लावून बसत होतो. तेव्हा त्याच्या डोक्यावरची रणजीची टोपी कुणी विचारली नाही. मग नातवाने कर्नाटकासाठी टाळी वाजवली, म्हणून तो घरातल्या मराठीला पारखा झाला, असे आम्ही का समजावे? "आज्जा" अशी हाक तो मराठीतच मारतो.

म्हणून मंडळाच्या वतीने दोन विनंत्या. मांडवात सामना लावाल, तेव्हा शेवटचा गडी बाद होईपर्यंत कुणी उठू नये. आणि नातवाचा संघ ४४ वर बाद झाला, तर त्या रात्री त्याला आग्रह करून जेवायला बसवावे.

गणपती बाप्पा मोरया!