उनाईचे कुंड आणि गिऱ्याचा धबधबा

सुरतेच्या दक्षिणेस, उधना आणि सचिन या स्थानकांच्या दरम्यान भेस्तान लागते. या बाजूच्या वस्त्यांतून यंत्रमागावर काम करणारी खानदेशी कुटुंबे पुष्कळ आहेत. आठवडाभर मागांचा खडखडाट ऐकणाऱ्या या मंडळींच्या हाती सुट्टीचा एक दिवस आला, म्हणजे देवदर्शन आणि वनविहार ही दोन्ही एकाच फेरीत साधावीत, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. श्रावणाच्या सुमारास ही सोय उनाई आणि वघई या दोन गावांनी उत्तम करून ठेविली आहे.

भेस्तानहून मोठ्या गाडीने बिलिमोऱ्यास यावे. तेथून वघईपर्यंत अरुंद रुळांचा 63 किलोमीटर लांबीचा फाटा गेला आहे. सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, 1913 च्या सुमारास, बडोदे संस्थानाने तो सुरू केला. डांगातील सागवान सखल प्रदेशात उतरवून आणणे हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. 2020 मध्ये ही गाडी बंद पडली आणि 2021 मध्ये पुन्हा धावू लागली. एवढे अंतर काटावयास तिला सुमारे तीन तास लागतात. परंतु सुट्टीच्या दिवशी ही संथ चाल गोडच वाटते. गणदेवीच्या आसपासचे उसाचे मळे आणि आंब्या-चिकूच्या वाड्या हळूहळू मागे पडतात, जमीन चढू लागते, आणि अनावल ओलांडल्यावर सागाची रुंद पाने दिसू लागतात.

रानाच्या या उंबरठ्यावर उनाईमातेचे मंदिर आहे. मंदिरालगत ऊन पाण्याचे कुंड असून त्यात स्नान करून दर्शनास जाण्याचा प्रघात आहे. शरभंग ऋषींची व्याधी दूर व्हावी म्हणून श्रीरामांनी बाण मारून पाताळातून हे पाणी वर आणिले, आणि सीतामाई त्यात न्हाली म्हणून गावास उनाई हे नाव पडले, अशी आख्यायिका सांगतात. मराठी माणसाला मात्र त्या नावात आपला ‘ऊन’ हा शब्दच ऐकू येतो. राजापूरजवळचे उन्हाळे, दापोली तालुक्यातील उन्हवरे ही गावे अशाच झऱ्यांवरून ओळखली जातात.

भूगर्भशास्त्राचे म्हणणे असे, की पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोलवर उतरते, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येते. म्हणजे भाविक ज्या पाण्यात हात जोडून उभा राहतो, तेही मुळात पावसाचेच पाणी होय. फरक इतकाच, की भूमीने ते आपल्या पोटात जपून ठेविलेले असते.

उनाईहून वघईकडे जाताना वाटेत वांसद्याचे राखीव रान लागते. एके काळी वांसदा संस्थानिकांच्या मालकीचे असलेले हे रान 1979 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. वघई हे डांगाचे द्वार. तेथून तीन-चार किलोमीटरांवर अंबिकेस मिळणारी खापरी नदी कड्यावरून उडी घेते. तोच गिऱ्याचा धबधबा. पावसाळ्यात तेथील गर्जना दुरूनच कानी पडते. तांबूस फेसाळलेला तो लोंढा पाहून लहान मुले टाळ्या पिटतात आणि मोठी माणसे क्षणभर बोलावयाचे विसरतात. मात्र खडक निसरडा आणि ओढ भयंकर असल्याने हे दृश्य दुरूनच पाहणे शहाणपणाचे.

धबधब्याच्या वाटेवर बांबूच्या टोपल्या, सुपे आणि खेळणी मांडून स्त्रिया बसलेल्या असतात. त्यांची डांगी बोली खानदेशी पाहुण्यांच्या कानांवर पडली, की ती दचकतातच. आठवडाभर परक्या भाषेत व्यवहार करणाऱ्या माणसाला अहिराणीचे सूर या रानात अवचित भेटतात. भाव ठरविता ठरविता गाव कोणते, पाऊस कसा, अशी विचारपूस सुरू होते.

या विचारपुशीतूनच धबधब्याची दुसरी बाजू कळते. डांगात वर्षाला 2000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण काळा पाषाण आणि तीव्र उतार यांमुळे त्यातील बराचसा वाहून जातो. त्यातच इंग्रजांनी 1840 नंतरच्या दशकात भिल्ल राजांकडून ही जंगले पट्ट्याने घेतली आणि येथील सागवान जहाजबांधणीसाठी नेले. जेथे झाड तुटते, तेथे पाणी धरून ठेवणारी मातीही सुटते. होळी उलटली, की गिऱ्याच्या कड्यावर कोरडा खडक उरतो, आणि आसपासच्या कित्येक पाड्यांतील स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. दिवाळीनंतर तर डांगातील असंख्य कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीसाठी सखल प्रदेशात उतरतात. ज्या दिशेने पाणी जाते, त्याच दिशेने माणसेही जातात. यंत्रमागावरील मजुराला हे समजावून सांगावे लागत नाही; त्याचा बाप किंवा आजा असाच एक दिवस कोरडवाहू शेत सोडून सुरतेच्या गाडीत बसलेला असतो.

म्हणून या एका दिवसाच्या यात्रेत दोन पाण्यांचे दर्शन घडते. कुंडातले पाणी मुरलेले, म्हणून बारा महिने टिकणारे. कड्यावरचे न मुरलेले, म्हणून चार महिन्यांचे. पहिल्यास लोकांनी देवत्व दिले, दुसऱ्याचे कौतुक केले. पाड्यापाड्यांवर बांध पडले, उतारांवर झाडे राहिली, तर दुसऱ्यातील काही भाग पहिल्यासारखा टिकेल आणि काही कोयते घरीच राहतील.

संध्याकाळी परतताना बिलिमोऱ्यास गाडी बदलावी लागते. तेथून जवळच अंबिका समुद्रास मिळते. दुपारी कड्यावरून उडी घेणारे पाणी तोवर वाटेतच असते. भेस्तानची मंडळी फलाटावर उभी असतात. कुणाच्या हाती मातेचा प्रसाद असतो, कुणाच्या काखेत बांबूची नवी टोपली.