ऐकणाऱ्याची ओळ



मघाशी दीपप्रज्वलनाआधी गावकऱ्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. बोलत होता एकच माणूस, पण त्याचं वाक्य टेकलं की अख्खा मांडव ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता. कवितेचं पुस्तक कधी हातात न घेतलेली माणसंही म्हणत होती, आणि नेमक्या जागी म्हणत होती. कुणी खूण करत नव्हतं. मला या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून जे सांगायचं आहे ते तिथूनच सुरू होतं. गाऱ्हाण्यात ऐकणाऱ्यालाही एक ओळ असते. आपल्या कविसंमेलनात ती नसते.

‘कविता लोकांपर्यंत न्यायला हवी’ हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतो आहे, स्वतःही बोललो आहे. त्यात आपण असं धरून चालतो की लोकांचे कान रिकामे आहेत आणि ते भरायचं काम आपलं. सिंधुदुर्गात हे खरं नाही. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की देवळापुढे मध्यरात्री दशावतार उभा राहतो. त्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, आणि संवाद नट तिथल्या तिथे रचतात. पहाटेपर्यंत मांडी घालून बसलेल्या बाईला राजाचं एक वाक्य सैल पडलं तर लगेच कळतं. डबलबारीच्या भजनसामन्याचंही तसंच. दोन बुवा, दोन पखवाज, मागे टाळ-झांजांचा कोरस. एका बुवाने टाकलेल्या कोड्याला दुसरा गाण्यातून काय उत्तर देतो, ते उत्तर नुसत्या यमकाचं आहे की अर्थाचंही, याचा निवाडा समोरची माणसं करतात. ज्या जिल्ह्यात शब्दाची एवढी पारख असलेले श्रोते रात्र जागवतात, तिथे आपल्या कविसंमेलनाला कवीच कवीला ऐकत बसतात. आणि त्यातलेही निम्मे आपला नंबर कधी येतो ते बघत असतात.

बांद्याच्या सोहिरोबानाथ आंबियांची आठवण या जागी येणारच. अठराव्या शतकातला हा आपला संतकवी. त्यांची पदं कागदावर उतरली हे खरं, पण अडीचशे वर्षं ती जगली ती भजनी मंडळांच्या गळ्यात. बुवा पहिली ओळ म्हणतो आणि कोरस ती उचलतो. उचललेली ओळ मग त्या माणसाची होते. दुसऱ्या दिवशी बाग शिंपताना तो ती गुणगुणतो. आणखी एक गोष्ट आपण कवींनी लक्षात घ्यावी. अभंग म्हणणारा बुवा दुसऱ्याची रचना म्हणत असतो. तुकोबांची, नामदेवांची, सोहिरोबांची. शेवटच्या ओळीतलं नावही त्याचं नसतं, तरी जीव ओतून म्हणतो. आपण मात्र स्वतःच्या कवितेपलीकडे कुणाची एक कविताही पाठ करत नाही. मला हे फार लागतं.

आधुनिक काळात कविता अशी ऐकणाऱ्याच्या ओठांवर नेण्याचं काम कुणी केलं? विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट या तिघांनी. बापट कराडचे. पण विंदा देवगड तालुक्यातल्या धालवलीचे आणि पाडगावकर वेंगुर्ल्याचे. म्हणजे महाराष्ट्राला गावोगाव कविता ऐकायला बसवणाऱ्या तिघांपैकी दोघे आपल्या मातीतले. एकाच व्यासपीठावर तीन अगदी वेगळे आवाज असायचे, आणि कविता म्हणणं ही लिहिण्याइतकीच मेहनतीची कला आहे असं ते तिघेही मानायचे. कुठे थांबायचं, कुठला शब्द खाली ठेवायचा, कुठली ओळ श्रोत्यांच्या ओठांवर येऊ द्यायची, हे त्यांनी घोटलेलं होतं. आपण त्यांच्याकडून व्यासपीठ घेतलं, माईक घेतला, शाल-श्रीफळ घेतलं. घोटणं तेवढं राहिलं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मला मान्य आहे. प्रत्येक कविता कोरसाची नसते. कुडाळात खानावळ चालवलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांची, म्हणजे आरती प्रभूंची कविता एकट्याने, दिवा बारीक करून वाचायची आहे. ती मांडवात ओरडून म्हटली तर मोडेल. पण १९५९ साली आलेला त्यांचा ‘जोगवा’ ज्या घरांत कधी गेला नाही, त्या घरांतही हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर आरती प्रभूंचे शब्द पोचले. अवघड कविता लोकांना झेपत नाही असं म्हणणाऱ्याने हे आठवावं. चाल सापडली की ती झेपते. ती शोधायला वेळ द्यावा लागतो, इतकंच.

आता माझ्यावर गुदरलेला एक प्रसंग सांगतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते हे तुम्हाला ठाऊक आहेच. अशाच एका जुलैत मी मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या. एका मांगरात चार-पाच माणसं जाळी दुरुस्त करत बसली होती. हात गुंतलेले, कान मोकळे. मी विचारलं, कविता म्हणू का? ती नको म्हणाली नाहीत. मी आधी दुसऱ्यांच्या दोन म्हटल्या, मग माझी एक. तिच्यात पुनवेचं चांदणं होतं आणि बांगड्याने भरून आलेलं जाळं होतं. शहरातल्या एका मासिकाने ती कौतुकाने छापली होती. कविता संपली. सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने सुतावरून नजर न काढता म्हटलं, “गुरुजी, चांदण्यात बांगडो गावणा नाय.”

जाळं भरतं ते काळोख्या रात्री, हे त्याने मग मला नीट समजावून सांगितलं. उजेड असला की मासळीला जाळं दिसतं. मी घरी आलो, चांदणं काढलं, अवसेचा काळोख घातला, आणि ती कविता पहिल्यांदा खरी झाली. आठवड्याने पुन्हा गेलो. ती म्हटल्यावर तोच म्हातारा म्हणाला, “ती परत एकदा म्हणा बघूया.” चाळीस वर्षांत मला मिळालेली ही सर्वांत मोठी दाद. त्याने मला माझ्याच कवितेतली एक ओळ दिली होती, आणि त्यामुळे ती त्याचीही झाली होती.

म्हणून मी इथे ठरावाऐवजी कामं मागतो आहे. आपल्यातल्या प्रत्येकाने या पावसाळ्यात दुसऱ्या कवींच्या पाच कविता पाठ कराव्यात. त्यातली एक तरी मालवणी असावी. अजय कांडरांच्या ‘हत्ती इलो’सारखी दीर्घ कविता आपल्या बोलीतलं नाव घेऊन उभी आहे, महेश केळुसकरांनी मालवणी कविता मंचावरून ऐकवली आहे, तेव्हा बोलीत गंभीर लिहिता येत नाही ही सबब संपली. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ पासून उभं आहे. तिथे आणि तालुक्यातालुक्याच्या वाचनालयांत महिन्यातली एक संध्याकाळ मिळवणं कठीण नाही. पण वाचनालयात जो येतो तो आपलाच असतो. जो येत नाही त्याच्याकडे जायचं आहे. जाळी शिवणाऱ्यांच्या मांगरात, काजू कारखान्यात बिया सोलणाऱ्या बायकांकडे, गणपतीत आरत्या संपून भजन सुरू व्हायच्या आधीच्या त्या दहा मिनिटांत. तिथे आधी बसायचं, त्यांचं ऐकायचं, आणि मग विचारायचं, एक म्हणू का?

दुपारच्या कविसंमेलनासाठी मी आयोजकांना दोन विनंत्या केल्या आहेत आणि त्यांनी त्या मानल्या आहेत. प्रत्येक कवी आधी दुसऱ्या कुणाची कविता म्हणेल, कागद न बघता. आणि खुर्च्या व्यासपीठाच्या तीन बाजूंनी असतील, म्हणजे बोलणाऱ्याला ऐकणाऱ्यांचे चेहरे दिसतील.

दांडीचे ते आजोबा आज आले आहेत. तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ बसले आहेत. आजोबा, दुपारी मी समुद्राची एक नवी कविता म्हणणार आहे. तिच्यात वारा आहे, आणि तो कुठल्या महिन्यात कुठून येतो हे मी माझ्या अंदाजाने लिहिलं आहे. चुकलं असेल तर कविता संपायची वाट बघू नका, तिथेच थांबवा मला.